डंखाचा दोष कोणाचा?

एकाच पोळ्यातल्या दोन मधमाश्या दोन सख्ख्या भावांना डसतात. एकाच्या हातावर रुपयाएवढी सूज येते, रात्रीपर्यंत खाज सुटते आणि दुसऱ्या दिवशी तो सगळे विसरून जातो. दुसऱ्याच्या अंगभर गांधी उठतात, घसा आवळतो, धाप लागते, रक्तदाब कोसळतो आणि वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर अर्ध्या तासात त्याचा जीव जाऊ शकतो. विष तेच, मात्रा जवळजवळ तेवढीच, माशीचा हेतू (असलाच तर) तोच. मग दुसऱ्या डंखातले अनिष्ट नेमके राहते कुठे? माशीत, विषात, त्या भावाच्या देहात, की त्याच्या पूर्वकर्मात? हा प्रश्न वरवर वैद्यकाचा दिसतो. पण सृष्टीत दुःख का आहे, दोष कोणाला द्यायचा आणि काय सोसायचे, या धर्मचिंतनातल्या जुन्या प्रश्नांची इतकी लहान आणि इतकी नेमकी कसोटी दुसरी सापडणे कठीण आहे.

डसणारी मधमाशी नेहमी मादीच असते. नांगी म्हणजे अंडी घालण्याच्या नळीचे उत्क्रांतीत झालेले रूपांतर. त्यामुळे नराला नांगी नसते. कामकरी माशीच्या नांगीला मागे वळलेले काटे असतात. माणसाच्या जाड कातडीत ती रुतली की सुटत नाही. माशी उडते, विषाच्या पिशवीसह नांगी मागे राहते आणि माशी मरते. तुटलेली नांगी त्यानंतरही स्वतःच्या स्नायूंच्या जोरावर विष आत ढकलत राहते, म्हणून ती चिमटीने काढली की नखाने खरवडली यापेक्षा किती लवकर काढली याला महत्त्व असते. त्याच वेळी आयसोअमाइल ॲसिटेट नावाचे, पिकल्या केळ्यासारखा वास असलेले रसायन हवेत पसरते आणि पोळ्यातल्या बाकीच्या माश्यांना हल्ल्याची जागा कळते. गांधीलमाशीची नांगी सहसा अशी रुतून बसत नाही. ती पुन्हा पुन्हा डसू शकते.

वेदना आणि इजा या दोन गोष्टी इथेच वेगळ्या होतात. जस्टिन श्मिट या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञाने असंख्य कीटकांचे डंख स्वतःच्या अंगावर घेऊन वेदनेची १ ते ४ अशी श्रेणी तयार केली. तीत मधमाशीला २ गुण आहेत. दक्षिण आणि मध्य अमेरिकेतली बुलेट मुंगी आणि टॅरंटुला कोळ्यांची शिकार करणारी मोठी गांधीलमाशी ४ वर आहेत. या गांधीलमाशीच्या डंखाने माणूस जमिनीवर लोळतो, पण काही मिनिटांत वेदना ओसरते आणि मागे फारसे काही उरत नाही. मधमाशीची वेदना त्या मानाने मामुली, आणि तरीही ॲलर्जी असलेल्या माणसाला ती मारू शकते. मधमाशीच्या विषात वेदना देणारा मुख्य घटक मेलिटिन. ॲलर्जीला मुख्यतः कारणीभूत होणारे फॉस्फोलायपेज ए-२ हे वेगळेच प्रथिन. म्हणजे जे जास्त दुखते ते जास्त घातक असते, ही सहज वाटणारी समजूत डंखाच्या बाबतीत खोटी ठरते. दुःखाच्या मोजमापावर नीती उभारणाऱ्या कोणत्याही मताला याची दखल घ्यावी लागेल.

प्राचीन धर्मकथांत डंख अनेकदा देवाच्या हातातले शस्त्र म्हणून येतो. यहुदी धर्मग्रंथात इस्राएलच्या लोकांपुढे गांधीलमाश्या पाठवून शत्रूंना पळवून लावण्याचे आश्वासन ईश्वर देतो. देवी भागवताच्या दहाव्या स्कंधात अरुण नावाच्या असुराची कथा आहे. युद्धात, शस्त्राने, स्त्री-पुरुषाच्या हातून, दोन किंवा चार पायांच्या प्राण्याकडून मरण येऊ नये असा वर त्याने मिळवला होता. देवीने भ्रामरी रूप घेऊन भुंग्यांचे थवे सोडले आणि त्या सहापायी सैन्याने असुरांचा फडशा पाडला. कुराणातल्या मधमाशीच्या नावाच्या सोळाव्या सुऱ्यात माशी ईश्वरी प्रेरणेने घर बांधते आणि तिच्या पोटातून माणसांसाठी आरोग्यदायी पेय येते असे सांगितले आहे. तिच्या डंखाबद्दल तिथे अवाक्षर नाही. या सर्व ठिकाणी माशी साधन आहे, कर्ता दुसराच. कथा म्हणून ही उत्तरे चांगली आहेत. पण देवाच्या मनात कसलाही राग नसताना, शेतात गवत कापणाऱ्या बाईला माशी का डसते, हे त्यांतून कळत नाही.

या प्रश्नाला सरळ भिडणारा एक जुना लेखक म्हणजे संत ऑगस्टिन. तरुणपणी तो मानी पंथात होता. जगात चांगले आणि वाईट अशी दोन स्वतंत्र तत्त्वे आहेत आणि विंचवाचे विष हा वाईट तत्त्वाचा ढळढळीत पुरावा आहे, अशी त्या पंथाची मांडणी. पंथ सोडल्यावर इसवी सन ३८८ च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात ऑगस्टिनने तिला दिलेले उत्तर आजही ताजे वाटते. विष हेच मूर्तिमंत अनिष्ट असते तर ते आधी विंचवालाच मारते. उलट विष काढून घेतले तर विंचवाचेच बिघडेल. तेव्हा ते विंचवाला अनुकूल आणि माणसाला प्रतिकूल आहे, इतकेच. अनिष्ट हा कोणताही पदार्थ नव्हे. दोन गोष्टींचे न जुळणे म्हणजे अनिष्ट. पुढे तो अथेन्समधल्या एका स्त्रीची जुनी गोष्ट सांगतो: थोडे थोडे विष घेत गेल्याने तिला अपराध्यांना देण्याइतकी मात्राही पचली. सवयीने तिचा देह आणि विष यांचे जुळले, म्हणून विष तिच्यापुरते विष राहिले नाही. डंखाच्या ॲलर्जीवर आज जो उपचार होतो त्याच्याशी ही गोष्ट इतकी मिळतीजुळती आहे की ऑगस्टिनच्या तर्कशक्तीचे कौतुक वाटते, जरी त्याला सिद्ध करायचे होते ते निराळेच.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लिश धर्मपंडितांनी दुसरा मार्ग धरला. विल्यम पेलीने १८०२ च्या आपल्या ग्रंथात सृष्टीतल्या प्रत्येक कारागिरीत कर्त्याचे कौशल्य दाखवले. विषारी प्राण्यांचे विष त्यांच्या स्वतःच्या उपयोगाचे असल्यामुळे तेही कर्त्याच्या चांगुलपणाच्या आड येत नाही, असा त्याचा सूर होता. चार्ल्स डार्विनने विद्यार्थिदशेत पेली मन लावून वाचला होता आणि त्याला नेमकी डंखावरच अडचण आली. मधमाशीची नांगी इतकी कुशल रचना असेल, तर ती वापरल्यावर मालकीणच का मरते? ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये त्याचे उत्तर असे: नांगी मुळात भोके पाडण्याचा अवयव होती, नंतर तिला विषाचे काम लागले, पण ती पूर्णपणे सुधारली नाही, आणि काही माश्या मेल्या तरी समूहाला फायदा होत असेल तर निवड हे मान्य करते. समूहाचा फायदा नेमका कसा मोजायचा हे विल्यम हॅमिल्टनने १९६४ मध्ये नात्यातल्या निवडीच्या गणिताने मांडले. कामकरी माशीला सहसा स्वतःची संतती नसते. तिची जनुके पुढे जातात ती पोळ्यातल्या बहिणी आणि आई यांच्यामार्फत. या हिशेबात तिच्या मृत्यूची किंमत लहान आहे.

डार्विनच्या १८६० मधल्या एका पत्रात आणखी एक माशी येते. जिवंत सुरवंटाच्या शरीरात अंडी घालणाऱ्या आणि पिल्लांना त्या शरीरावर पोसणाऱ्या इक्न्यूमन जातीच्या माश्या कोणा कृपाळू सर्वशक्तिमानाने मुद्दाम निर्माण केल्या असतील हे आपल्याला पटत नाही, असे त्याने अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना कळवले. तिच्याच नात्यातल्या कुंभारीण माशीकडे भारतीय परंपरेने पाहिले आणि तिला अगदी उलट गोष्ट दिसली. कुंभारीण मातीचे घर करते, त्यात नांगी मारून बधिर केलेली अळी ठेवते आणि तोंड लिंपून टाकते. काही दिवसांनी त्या घरातून अळी नव्हे, नवी कुंभारीण बाहेर पडते. भीतीने का होईना, अळीने सतत माशीचे ध्यान केले आणि ती माशीच झाली, असा अर्थ लावला गेला. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंमधला शेवटचा गुरू हीच माशी आहे. त्या स्कंधावरची आपली टीका एकनाथांनी १५७३ मध्ये काशीत पूर्ण केली आणि मराठी भक्तिवाङ्मयात हा दृष्टान्त घरोघरी पोचला. प्रत्यक्षात अळी माशी होत नाही. माशीने आत घातलेल्या अंड्यातून निघालेले पिल्लू त्या अळीला खाते. एकाच घटनेत एका माणसाला ईश्वराच्या चांगुलपणाविरुद्धचा पुरावा दिसावा आणि दुसऱ्यांना सायुज्यमुक्तीची खूण, यावरून दृष्टान्त आणि प्रमाण यांतले अंतर लक्षात येते. दृष्टान्त चुकीच्या निरीक्षणावर उभा राहूनही साधकाच्या कामी येऊ शकतो. सृष्टीच्या कर्त्याबद्दलचा युक्तिवाद मात्र त्याने कोलमडतो.

कर्त्याचा दोष ठरवताना जैन विचार सर्वांत काटेकोर आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या नुसत्या प्राणहानीवर थांबत नाही. ती प्रमादाशी, म्हणजे बेसावध आणि विकारयुक्त वृत्तीशी जोडलेली आहे. त्याच सूत्रग्रंथात जीवांची इंद्रियांनुसार चढती मांडणी आहे: कृमीला दोन इंद्रिये, मुंगीला तीन, भुंग्याला चार, माणसाला पाच. मधमाशी, गांधीलमाशी आणि विंचू चतुरिंद्रिय गणले जातात. त्यांना मन नाही. मन नसलेल्या जीवाकडून कर्मबंध होतच नाही असे जैन मत म्हणत नाही, कारण कषाय, म्हणजे क्रोध-लोभासारखे विकार, त्याच्यातही आहेत. पण विचार करून, योजून केलेले कृत्य त्याच्याकडून संभवत नाही. त्यामुळे डसणाऱ्या माशीचा दोष आणि रागाने पोळे जाळणाऱ्या माणसाचा दोष एका तराजूत बसत नाहीत. दुसरा नेहमीच जड.

हाच प्रश्न महाभारताने उलट्या दिशेने मांडला आहे. आदिपर्वातल्या अणीमांडव्य ऋषीला चोर समजून राजाने सुळावर चढवले. मांडव्याने यमधर्माला कारण विचारले, तेव्हा उत्तर मिळाले की लहानपणी त्याने उडणाऱ्या किड्यांच्या शेपटीत गवताच्या काड्या खुपसल्या होत्या. इथे डंख मारणारा माणूस आहे आणि भोगणारा कीटक. मांडव्याने हा न्याय मान्य केला नाही. अजाण वयात केलेल्या एवढ्याशा गोष्टीला एवढी शिक्षा देणाऱ्या धर्मालाच त्याने शूद्रयोनीत जन्माला येण्याचा शाप दिला (तोच विदुर) आणि चौदा वर्षांच्या आतल्या कृत्याला पाप लागणार नाही अशी मर्यादा घातली. कर्मफळाचा हिशेब करणाऱ्या खुद्द धर्मराजाला त्या हिशेबाबद्दल शिक्षा होते, ही महाभारतातली विलक्षण धाडसी जागा आहे. डंखाच्या दुर्दैवाला पूर्वकर्म कारण म्हणून पुढे करणाऱ्यांनी ती विसरू नये.

दोष कोणाचाही असो, सोसायचे कसे हा पुढचा प्रश्न. जैन साधूने जिंकायच्या बावीस परीषहांमध्ये दंशमशक हा एक स्वतंत्र परीषह आहे: डास, माश्या, कीटक चावत असताना त्यांना न हाकलता, मनात द्वेष न आणता स्थिर राहणे. ब्राझीलच्या सतेरे-मावे लोकांत मुलगे वयात येताना बुलेट मुंग्या विणलेले हातमोजे हातात घालतात; तिथे सोसणे ही मोठे झाल्याची परीक्षा असते. महाभारतातली सोसण्याची प्रसिद्ध कथा कर्णाची. परशुराम त्याच्या मांडीवर डोके ठेवून झोपले असता अलर्क नावाच्या किड्याने कर्णाची मांडी पोखरली. गुरूची झोप मोडू नये म्हणून तो हलला नाही. रक्ताच्या ओलाव्याने परशुराम जागे झाले, आणि एवढे सोसणारा ब्राह्मण असूच शकत नाही म्हणत त्यांनी कर्णाला शाप दिला. तो किडा म्हणजे शापामुळे किडा झालेला दंश नावाचा असुर होता. परशुरामांची दृष्टी पडताच तो मात्र शापातून मोकळा झाला. डसणाऱ्याला मुक्ती आणि सोसणाऱ्याला शाप! सहनशीलतेची स्तुती करणाऱ्या संस्कृतीने ही कथाही जपून ठेवली, हे तिच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानायला हरकत नाही.

बुद्धाची मांडणी अधिक सूक्ष्म आहे. संयुत्तनिकायातल्या सल्लसुत्तात सामान्य माणसाला एकापाठोपाठ दोन बाण लागतात असे सांगितले आहे: पहिला शरीराच्या वेदनेचा, दुसरा त्या वेदनेमुळे मनाने केलेल्या आकांताचा. शहाण्याला पहिला लागतो, दुसरा नाही. डंख हे या शिकवणीचे जवळजवळ आदर्श उदाहरण वाटते. माशी चावली हा पहिला बाण. ‘मलाच का चावली’ हा दुसरा.

पण ॲलर्जीचा धक्का या आदर्श उदाहरणालाच तडा देतो. १९०१ मध्ये मोनॅकोचा राजा पहिला आल्बेर याच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे फ्रेंच संशोधक पोर्तुगीज मॅन-ऑफ-वॉर या डंख मारणाऱ्या समुद्रजीवाचे विष तपासत होते. पॅरिसला परतल्यावर त्यांनी समुद्रफुलाचे विष कुत्र्यांना टोचून त्यांना विषाची सवय लागते का ते पाहिले. घडले उलटेच. पहिल्या मात्रेतून बरा झालेला नेपच्यून नावाचा धडधाकट कुत्रा तीन आठवड्यांनी पुन्हा मात्रा दिल्यावर काही मिनिटांतच कोसळला आणि मेला. अथेन्सच्या स्त्रीची गोष्ट खरी असेल, तर ही तिची नेमकी उलटी बाजू होती: पहिल्या भेटीने देह विषाशी जुळला नाही, त्याच्याविरुद्ध पेटून उठला. या ॲनाफिलॅक्सिसच्या शोधाबद्दल रिशेला १९१३ चे नोबेल मिळाले. देहाच्या या उठावामागचे प्रतिद्रव्य, आयजीई, १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेन्निच यांनी शोधले. एखाद्या डंखानंतर हे प्रतिद्रव्य तयार होऊन मास्ट पेशींवर बसते. पुढच्या डंखाच्या वेळी त्या पेशी हिस्टामिन आणि इतर द्रव्ये एकदम सोडतात. माणसाला जिवावर आणणारी गोष्ट बहुतांशी माशीने दिलेलीच नसते. ती त्याच्या स्वतःच्या रक्षणयंत्रणेने दिलेली असते.

ॲलर्जी नसलेल्या माणसाला विषामुळेच मरण येण्यासाठी शेकडो डंख लागतात. सह्याद्रीतल्या गडांवर, कड्यांवर आणि लेण्यांच्या आसपास आग्यामोहोळ उठल्यावर तसा धोका खरोखर निर्माण होतो, आणि तिथे दोष विषाच्या मात्रेचा असतो. ॲलर्जी असलेल्याला एक डंख पुरतो. मोठ्यांपैकी काही टक्के लोकांना डंखानंतर कधी ना कधी सर्व शरीरावर परिणाम करणारी प्रतिक्रिया येते. बहुतेकांची सौम्य असते. प्राणघातक प्रतिक्रियांपैकी सुमारे निम्म्या अशा लोकांना येतात, ज्यांना आधी तशी प्रतिक्रिया कधीच आलेली नसते. म्हणजे पूर्वसूचनेवर फार विसंबता येत नाही.

या प्रतिक्रियेच्या लक्षणांत वैद्यकीय पुस्तके एक विलक्षण लक्षण नोंदवतात: आता आपण मरणार, अशी अकस्मात दाटून येणारी जाणीव. अंगावरच्या गांधी किंवा पोटातली कळ यांच्याबरोबर, कधी त्यांच्याही आधी ती येते आणि डॉक्टर तिला घाबरटपणा न मानता धोक्याची खूण मानतात. दोन बाणांच्या शिकवणीला इथे खरी अडचण येते. ही भीती मनाने वेदनेवर चढवलेली भर नाही. रक्तात सुटलेली द्रव्ये आणि कोसळणारा रक्तदाब यांतून ती वर येते. तिला दुसरा बाण म्हणून दूर सारणारा माणूस पहिल्या बाणाचाच भाग नाकारत असतो. शांत बसून श्वासाकडे लक्ष देणे डास चावताना योग्य. घसा आवळत असताना ते जीवघेणे ठरू शकते. त्या वेळी करायचे असते ते हे: माणसाला आडवे निजवून पाय उंच ठेवणे (धाप लागली असेल तर टेकून बसवणे), त्याला उभे राहू किंवा चालू न देणे, आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत ॲड्रेनालिन देणे, प्रौढाला ०.३ ते ०.५ मिलिग्रॅम. नुसत्या ॲलर्जीच्या गोळीने किंवा डंखावर लोखंड घासून, चुना लावून ही अवस्था परतत नाही.

या अडचणीवर तोडगाही बुद्धवचनांतच आहे, फक्त दुसऱ्या सुत्तात. मज्झिमनिकायातल्या सब्बासवसुत्तात आस्रव, म्हणजे चित्त मलिन करणारे दोष, दूर करण्याचे निरनिराळे मार्ग दिले आहेत. काही गोष्टी सोसून संपवायच्या. त्यांत थंडी, ऊन, गोमाश्या, डास येतात. काही टाळून संपवायच्या. त्यांत मस्तवाल हत्ती, चवताळलेला कुत्रा, साप, कडा आणि खड्डा येतात. आजारात औषध हे सेवन करून संपवायच्या गोष्टींत आहे. ॲलर्जी असलेल्या माणसाच्या बाबतीत मधमाशी सोसायच्या यादीतून उठून सापाच्या यादीत जाते. वस्तू तीच, देह वेगळा, म्हणून कर्तव्यही वेगळे. दंशमशक परीषह हा असाच वाचायला हवा. समतेची परीक्षा घेणारी आच आणि प्राण घेणारी आच यांत फरक न करणारे व्रत साधूचे साधनच हिरावून घेते.

‘मलाच का’ या प्रश्नाला मात्र वैद्यकाकडे अर्धेच उत्तर आहे. आधीच्या डंखाने देह संवेदनशील झाला, हे ‘कसे’चे उत्तर. नुसती सूज आलेला भाऊही पूर्वी डसला गेला होता. त्याच्यात तसे का झाले नाही, हे सांगताना शास्त्र आनुवंशिकता, डंखांची संख्या आणि त्यांतले अंतर अशा कारणांच्या वेलीवर चढत जाते आणि कुठेतरी थांबते. नैयायिकांनी अशा ठिकाणी अदृष्ट, म्हणजे पूर्वकर्माचा न दिसणारा संस्कार, ठेवले. मागचा विसरलेला डंख शरीरात साठून राहतो आणि पुढे फळतो, हे चित्र संचित कर्माशी इतके जुळते की मोह आवरत नाही. पण जुळते ते फक्त रचनेत. संचितामागे कृत्य असते, मागच्या डंखामागे भोग. भोगातूनच पुढचा भोग निर्माण होत असेल आणि मध्ये कुणाचेच कृत्य नसेल, तर त्याला कर्म म्हणता येत नाही. मांडव्याने तरी म्हणू दिले नसते.

सृष्टीच्या चांगुलपणाचा जुना वादही ॲलर्जीने नव्या रूपात परत आणला. देहाने स्वतःलाच मारावे अशी यंत्रणा टिकली कशी? अमेरिकी संशोधक मार्जी प्रोफेट यांनी १९९१ मध्ये सुचवले की ॲलर्जी ही विषे झटपट बाहेर टाकण्यासाठी उत्क्रांत झालेली संरक्षक योजना असावी. शिंका, खाज, उलटी, अश्रू ही तिचीच कामे. ही कल्पना बराच काळ कडेला पडून होती. २०१३ मध्ये स्टॅनफर्ड आणि येल इथल्या दोन गटांनी उंदरांवर दाखवले की मधमाशीच्या विषाविरुद्ध किंवा त्यातल्या फॉस्फोलायपेजविरुद्ध आधी तयार झालेला आयजीई-प्रतिसाद नंतरच्या मोठ्या मात्रेपासून त्यांचे रक्षण करतो. म्हणजे मारणारी यंत्रणा आणि तारणारी यंत्रणा एकच असू शकते. पेलीला यात कौशल्य दिसले असते. डार्विनला काटेरी नांगीसारखेच अर्धवट सुधारलेले काम दिसले असते, आणि पुराव्याचे वजन डार्विनकडे आहे.

उपचारांच्या इतिहासात डंख प्रमाणशास्त्राचाही धडा देतो. विसाव्या शतकात कित्येक दशके डंखाच्या ॲलर्जीवर अख्ख्या कीटकाचा अर्क टोचला जाई आणि बहुतेक डॉक्टरांना त्याचा गुण येतो असे वाटे. मेरी लव्हलेस यांनी १९५० च्या दशकात अख्खा कीटक सोडून केवळ विषाच्या पिशव्या वापरायला सुरुवात केली. त्यांना फारसे कुणी मनावर घेतले नाही. १९७८ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने तुलना प्रसिद्ध केली. मुद्दाम दिलेल्या डंखानंतर बनावट औषध घेतलेल्या १२ जणांपैकी ७ जणांना आणि कीटकाचा अर्क घेतलेल्या ११ पैकी ७ जणांना प्रतिक्रिया आली. शुद्ध विष घेतलेल्या १८ पैकी फक्त एकाला. अर्क निरुपयोगी होता. तरी तो टिकला, कारण एकदा प्रतिक्रिया आलेल्या पुष्कळांना पुढच्या डंखाला ती येतच नाही. मराठी गावांत मंत्राने विंचू उतरवणाऱ्यांचा लौकिकही याच पायावर उभा असे: बहुतेक मोठ्या माणसांचा विंचू आपोआप उतरतो. (विंचू कीटक नव्हे आणि त्याच्या विषाचा धोकाही ॲलर्जीचा नव्हे, पण तर्क तोच.) काकतालीय न्याय (योगायोगाला कारण समजण्याची चूक) मांत्रिकाला लागू होतो आणि रुग्णालयाला नाही, असे नसते. कोकणातल्या तांबड्या विंचवाने मुले दगावत, त्यांना मंत्र वाचवू शकला नाही; महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरून आणि रुग्णांच्या बारीक नोंदी ठेवून ते करून दाखवले. एकनाथांनी भारुडात विंचवाला काम-क्रोधाचे रूपक केले आणि त्यावर सत्त्वगुणाचा उतारा सांगितला. रूपकाचा विंचू आणि बिळातला विंचू यांचे उतारे वेगळे आहेत.

आज दिला जाणारा विषाचा उपचार अथेन्सच्या त्या स्त्रीच्या वाटेने जातो. अत्यल्प मात्रेपासून सुरुवात करून ती बहुधा १०० मायक्रोग्रॅमपर्यंत वाढवतात आणि ठरावीक अंतराने तीन ते पाच वर्षे देत राहतात. गांधीलमाशीच्या बाबतीत तो बहुतेक सर्वांना तारतो, मधमाशीच्या बाबतीत थोडा कमी. मधपाळांत आधीपासून दिसणारी गोष्ट हीच सांगते: हंगामात शेकडो डंख खाणाऱ्याला सहसा काही होत नाही, अधूनमधून एखादा डंख खाणाऱ्याला धोका जास्त असतो.

या औषधापाशी अहिंसेचा प्रश्न पुन्हा उभा राहतो, आणि यावेळी दोषाची दिशा उलट असते. मधमाशीचे विष मिळवण्यासाठी पोळ्याच्या दाराशी हलक्या विजेच्या तारांची चौकट ठेवतात. माश्या पातळ पडद्यातून काचेवर डसतात, नांगी तुटत नाही आणि बहुतेक माश्या जगतात. गांधीलमाशीचे विष असे मिळत नाही. माश्या पकडून, मारून, त्यांच्या विषाच्या पिशव्या एकेक करून काढाव्या लागतात. जैन आचारात गृहस्थासाठी हिंसेचे चार प्रकार केले जातात: संकल्पी (मुद्दाम केलेली), आरंभी (घरकामात होणारी), उद्योगी (व्यवसायात होणारी) आणि विरोधी (स्वसंरक्षणात होणारी). पहिला त्याने पूर्ण सोडायचा, बाकीचे शक्य तितके कमी करायचे. विषाच्या कुपीमागची हिंसा विरोधी हिंसेत बसत नाही, कारण मारल्या गेलेल्या गांधीलमाशीने कुणावर हल्ला केलेला नसतो. डसली होती ती दुसरीच. संकल्पी म्हणावी तर मारणाऱ्याला मारण्याची आस नसते, औषध हवे असते. उद्योगी हिंसेत ती कशीबशी बसते आणि गृहस्थाला तेवढी सवलत आहे. महाव्रती साधूला ही सवलत नाही. गांधीलमाशीची ॲलर्जी असलेल्या साधूपुढे मग दोनच वाटा उरतात: माश्यांचा वावर असलेल्या जागा टाळणे, आणि डंख झालाच तर ॲड्रेनालिन. आजचे ॲड्रेनालिन रासायनिक पद्धतीने बनते. त्यासाठी कोणताही प्राणी मारावा लागत नाही.